कॅरी पिस्तुलासाठी आफ्टरमार्केट ट्रिगर कसा निवडावा

रोज अंगावर बाळगायच्या (कॅरी) पिस्तुलाला आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ भागाऐवजी बाहेरून विकत घेतलेला, नवा ट्रिगर घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची नजर आधी आकड्यावर जाते: किती हलका आहे? स्पर्धेच्या पिस्तुलासाठी हा प्रश्न ठीक आहे. कॅरी पिस्तुलाचा ट्रिगर मात्र भेदरलेल्या अवस्थेत, थरथरत्या हाताने, कधी हातमोज्यातून ओढला जाऊ शकतो. तिथे तो दर वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच दाबाला सुटणं जास्त मोलाचं.

पायरी 1: सध्याचा ट्रिगर ओळखा

मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग नळी सुरक्षित दिशेला धरून ड्राय फायर करा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढा. सुरुवातीला ट्रिगर सैल सरकतो, तो टेक-अप. मग बोटाला अडथळा लागतो, ती वॉल. ती ओलांडली की ट्रिगर सुटतो, तो ब्रेक, आणि त्यानंतर ट्रिगर मागे जितका जातो तो ओव्हरट्रॅव्हल. ट्रिगर मागे धरूनच स्लाइड पुन्हा ओढून बोट हळूहळू पुढे सोडलं की ‘टक्’ होतं, तो रीसेट, म्हणजे ट्रिगर पुन्हा ओढायला तयार.

यातलं नेमकं काय खटकतं ते ठरवा. वॉल चिकट आणि खरखरीत असेल तर दोष पृष्ठभागांच्या घर्षणाचा असतो. कित्येकदा स्वच्छता, योग्य जागी तेलाचा थेंब आणि भरपूर ड्राय फायर एवढ्यानेच तो निम्मा कमी होतो. शेवटच्या क्षणी नळी हलत असेल तर बोट ट्रिगरवर नीट बसतंय का ते आधी पाहा. हातात न बसणारं पिस्तूल नव्या ट्रिगरने बसत नाही.

पायरी 2: मोजा

ट्रिगर गेज, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा दाब मोजणारं साधन, घ्या. गेजचा हुक ट्रिगरच्या मध्यावर आणि दर वेळी त्याच जागी लावा, कारण ट्रिगरच्या टोकाला लावला तर तरफेमुळे वजन कमी दिसतं. दहा वेळा ओढून सरासरी काढा, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकड्यातलं अंतरही लिहून ठेवा. मला सरासरीपेक्षा हे अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं.

ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलाचा नेहमीचा ट्रिगर साधारण 5.5 पाउंडांचा, म्हणजे 2.5 किलोच्या आसपास असतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांसाठी हाच ट्रिगर मुद्दाम जड करणारी स्प्रिंग बनली आणि ती आजही ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ याच नावाने ओळखली जाते. जड ट्रिगर चुकून ओढला जाण्याची शक्यता कमी, पण नेम ढळण्याची जास्त. माझ्या मते कॅरीसाठी 4.5 पाउंडांच्या खाली उतरू नये.

पायरी 3: कोणता भाग बदलायचा ते ठरवा

नुसता शू, म्हणजे बोट टेकतं तो तुकडा, बदलणं सर्वांत सौम्य. सपाट शूवर बोट दर वेळी त्याच जागी बसवणं अनेकांना सोपं जातं. बोटं आखूड असतील तर ट्रिगरपर्यंतचं अंतर आधी पाहा. कनेक्टर किंवा सिअर (ट्रिगर ओढल्यावर ठोका सोडणारे आतले भाग) बदलला की ब्रेकचा स्वभाव बदलतो.

स्प्रिंगच्या बाबतीत सावध राहा. स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर ठोका देणाऱ्या भागाची, स्प्रिंग हलकी केली की ट्रिगर हलका होतो, पण प्रायमरवरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठोक्याने पेटणाऱ्या भागावरचा, ठोकाही कमकुवत होतो. कठीण प्रायमरचं काडतूस तेव्हा पेटतच नाही. कॅरी पिस्तुलात स्ट्रायकरची मूळ स्प्रिंगच राहू द्या.

शूच्या स्वतःच्या वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. 2017 मध्ये सिग सॉअर कंपनीचं पी320 पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यावर सुटू शकतं, हे चाचण्यांत दिसलं. पिस्तूल आपटलं की ट्रिगर स्वतःच्या जडत्वाने मागे जात होता. कंपनीने त्याच वर्षी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली आणि तिच्यात ट्रिगरच हलक्या वजनाचा दिला. म्हणून दिसायला देखणा, जाड धातूचा शू घेण्याआधी ड्रॉप सेफ्टीची (पडल्यावर पिस्तूल सुटू नये याची) चाचणी झाली आहे का, हे उत्पादकाला विचारा. ट्रिगर सेफ्टी, फायरिंग पिन सेफ्टी किंवा ड्रॉप सेफ्टी यांपैकी एकही काढायला किंवा घासायला लावणारा किट सरळ नाकारा. किट तुमच्या मॉडेलच्या नेमक्या पिढीसाठी आहे याचीही खात्री करा.

पायरी 4: बसवून घ्या आणि तपासा

अनुभव नसेल तर बसवायचं काम परवानाधारक गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या. पिस्तूल परत आल्यावर ते रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा. ट्रिगरवर सेफ्टीचा छोटा टॅब असेल तर तो न दाबता शूच्या कडांवर जोर द्या. ट्रिगर मागे जाता कामा नये. रीसेट दर वेळी स्पष्ट लागला पाहिजे. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून काढा. नवा शू होल्स्टरला कुठेही टेकत असेल तर होल्स्टर बदला.

मग रेंजवर किमान 200 गोळ्या झाडा. त्यांतल्या काही तुम्ही प्रत्यक्षात बाळगता त्याच काडतुसाच्या असू द्या. एकदा जरी गोळी पेटली नाही किंवा रीसेट चुकला, तर कारण सापडेपर्यंत ते पिस्तूल अंगावर बाळगू नका.

पायरी 5: कागदपत्रं आणि जुने भाग

असा बदल तुमच्या परवान्यात आणि कायद्यात बसतो का, हे खरेदीआधीच विचारून घ्या. वॉरंटीच्या अटीही वाचा. काढलेले मूळ भाग एका पिशवीत, मॉडेल आणि तारीख लिहून जपून ठेवा. पिस्तूल दुरुस्तीसाठी कारखान्यात पाठवायची वेळ आली तर ते लागतील.