सोलापुरात टॉवेल, चादर, चटणी, ज्वारी घेताय? या चुका टाळा

सोलापूरला कुणी येणार म्हटलं की घरातून यादी निघते. दोन चादरी, अर्धा डझन टॉवेल, शेंगा चटणी, जमलं तर कडक भाकरी. बाहेरगावचे पाहुणे नवी पेठेतून किंवा चाटी गल्लीतून पिशव्या भरून नेतात, आणि महिन्याभरात फोन येतो: टॉवेल पाणीच टिपत नाही, चादरीचा रंग गेला, चटणी खवट लागते. फार वाईट वाटतं, कारण या वस्तू खरोखर चांगल्या आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. घेताना डोळ्यांवर भरवसा ठेवला जातो आणि वजन, सूत, तारीख या तीन गोष्टी विचारायच्या राहून जातात, तिथे गडबड होते.

टॉवेल हाताला मऊ लागला म्हणून घेऊ नका

दुकानात घडी हातात आली, मऊ लागली, रंग आवडला की सौदा झाला, असं बहुतेकांचं होतं. पण नव्या टॉवेलचा मऊपणा पुष्कळदा शेवटच्या प्रक्रियेत दिलेल्या सॉफ्टनरचा असतो. तो दोन-चार धुण्यांत निघून जातो आणि मग खरा टॉवेल दिसतो. म्हणून वजन बघा.

टॉवेलचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. लेबलवर आकडा नसेल तर स्वतः काढता येतो. अंगाचा टॉवेल साधारण 75 बाय 150 सेंटीमीटरचा असतो, म्हणजे सव्वा चौरस मीटरला थोडा कमी, नेमकं सांगायचं तर 1.125. दुकानातल्या काट्यावर तो 450 ग्रॅम भरला तर 400 जीएसएम झाला. तोच 340 ग्रॅम भरला तर जेमतेम 300. दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगायला लाजू नका, इथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

रोजच्या अंघोळीला मी 400 ते 500 च्या मधला टॉवेल सांगेन. प्रवासाला, जिमला आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत अशा कोकणातल्या घराला 300 ते 350 चा बरा. 600 च्या पुढचा जाडजूड टॉवेल हॉटेलात छान वाटतो, पण घरी तो बादलीत पिळताना मनगट भरून येतं, आणि वाळायला इतका वेळ घेतो की कुबट वास धरतो. जाड तेवढा चांगला हा समज सोडून द्या.

दुसरी गोष्ट सुताची. टॉवेलवर जे बारीक फासे असतात, पाणी तेच शोषतात. ते सुती हवेत. पॉलिस्टर मिसळलेला टॉवेल चमकतो, लवकर वाळतो, पण अंगावरून फिरवला की पाणी नुसतं इकडचं तिकडे होतं. खात्री करायची तर कडेचा एक धागा काढून घरी सांभाळून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देत जळतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि त्याची काळी टणक गाठ बनते. लग्नासाठी शंभर नग घ्यायचे असतील तर आधी एक आणून ही परीक्षा कराच.

आता तक्रारी.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही? तो खराब नाही. वापरायच्या आधी कोमट पाण्यात, नेहमीच्या निम्म्या पावडरीत, दोन-तीनदा धुवून काढा. फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला कधीच लावू नका, त्याचा थर फाशांवर बसतो आणि शोषण कमी होतं.

जुना टॉवेल पापडासारखा कडक झालाय? जड पाणी आणि उरलेली साबणाची पावडर यांचं ते काम आहे. बोअरच्या पाण्यावर कपडे धुणाऱ्या घरांत हे फार दिसतं. अर्धी बादली कोमट पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर घालून टॉवेल अर्धा तास भिजवा, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. व्हिनेगर आणि ब्लीचिंग मात्र एकत्र आणू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

एखादा फासा ओढला जाऊन लोंबतोय? ओढू नका, कात्रीने मुळाशी कापा. फाशांचं सूत आणि खालच्या कापडाचं सूत वेगळं विणलेलं असतं, त्यामुळे एक फासा कापल्याने टॉवेल उसवत नाही. ओढलात तर मात्र ओळ निघत जाते.

टॉवेल-टोपीचा आहेर

याच्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. लग्नात मानपानाचे टॉवेल घेताना सगळ्यात पातळ, सगळ्यात स्वस्त माल उचलला जातो. तो कुणीच वापरत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात तोच टॉवेल आहेर म्हणून फिरत राहतो, आणि शेवटी फरशी पुसायला जातो. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मागावर आणि मग यंत्रमागावर आयुष्य काढून हे कापड उभं केलं. त्या कापडाची ओळख लोकांना अशा चिंधीवरून व्हावी, हे बरोबर नाही. पन्नास पातळ टॉवेलांऐवजी जवळच्या पंचवीस जणांना 400 जीएसएमचा एक एक द्या. नाहीतर छोटे नॅपकिन द्या, पण चांगल्या सुताचे. माणसं ते रोज वापरतील.

स्वयंपाकघरासाठी मात्र पैसे घालवू नका. दुकानदाराकडे ‘सेकंड’ माल विचारा. एखाद्या ठिकाणी फासे सुटलेले, कडेची शिवण वाकडी, रंगाचा ठिपका पडलेला, एवढाच त्याचा दोष असतो. हात पुसायला, भांडी निथळायला तो उत्तम. फक्त तोच माल फ्रेश म्हणून फ्रेशच्या भावात गळ्यात पडत नाही ना, एवढं पाहा. घडीवर घेऊ नका, पूर्ण उलगडून घ्या.

चादर: खळीला भुलू नका

सोलापुरी चादर पांघरायची आहे. जॅकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली. एका बाजूला मोर लाल आणि जमीन पांढरी, तर उलट्या बाजूला मोर पांढरा आणि जमीन लाल. ही पहिली खूण. एकाच बाजूला नक्षी छापलेली आणि मागची बाजू फिकी असेल, तर ती विणीची चादर नाही. सोलापूरच्या नावावर बाहेरचा माल सर्रास विकला जातो, म्हणून लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता वाचायची सवय ठेवा.

लोक हमखास फसतात ते वजनाला. टॉवेलला वजन बघा म्हटलं, पण चादरीत वजनाच्या आधी खळ, म्हणजे कापडाला दिलेला स्टार्च, बघा. नव्या चादरीत खळ भरपूर असेल तर ती जड आणि भरीव वाटते. पहिल्या धुण्यात खळ गेली की पोत उघडा पडतो. एक कोपरा दोन्ही तळव्यांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली, कापड लगेच लुळं झालं, तर समजा खळीचे पैसे देताय. मग चादर उजेडासमोर धरा. वीण घट्ट असेल तर उजेड एकसारखा, बारीक गाळून येतो. विरळ असेल तिथे पट्टे दिसतात. शेवटी दशांच्या, म्हणजे कडेच्या लोंबत्या धाग्यांच्या, गाठी ओढून पाहा, सुटता कामा नयेत.

रंगासाठी पांढरा रुमाल जवळ ठेवा. तो ओला करून गडद नक्षीवर दहा-बारा वेळा घासा. थोडीशी छटा आली तर चालेल, गडद रंगाच्या सुती कापडाचा जादा रंग सुरुवातीला निघतोच. रुमाल लालभडक झाला तर दुसरी चादर बघा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण तसं होत नाही. रंग पक्का व्हायचा तो रंगवतानाच होतो. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, आणि सावलीत वाळवणं, एवढंच आपल्या हातात असतं. सुती चादर पहिल्या धुण्यात थोडी आटतेही, तेव्हा उंच माणसासाठी घेताना लांबी मोजून, चार बोटं जास्तीची घ्या.

मशीनमध्ये धुताना एका वेळी एकच. भिजलेल्या चादरीचं वजन बरंच वाढतं, आणि दोन घातल्या की मशीन थरथरायला लागतं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घ्यायला हरकत नाही, थंडीही असते आणि मालही भरपूर. पण गर्दीत उलगडून बघायला जागा नसते. अशा वेळी एकच घ्या, घरी धुवून बघा, आवडली तर त्याच दुकानातून पुढच्या घ्या.

शेंगा चटणी किलोने नेऊ नका

सोलापुरी चटणीची सगळी चव कुटण्यात आहे. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि ते सगळं एकजीव होतं. चिमूटभर चटणी बोटांत दाबा: गोळा झाला पाहिजे, बोटाला तेल लागलं पाहिजे. भुरभुरीत कोरडी पडली तर ती मिक्सरमधून काढलेली दाण्याची पूड आहे.

आणि जे तेल चव देतं, तेच हवा, उजेड आणि उष्णतेने खवट होतं. म्हणून पाव किलोचं पाकीट घ्या, पॅक केल्याची तारीख वाचा, अन्न परवान्याचा (FSSAI) चौदा आकडी क्रमांक आहे का बघा. घरी हवाबंद काचेच्या बरणीत, जमलं तर फ्रिजमध्ये, आणि चमचा कोरडा. खवट झालेली चटणी ताज्या चटणीत मिसळून ‘संपवू’ नका, सगळीच वाया जाते. दाण्याला बुरशीचा वास येत असेल तर परत भाजून वापरण्याचा विचारही नको. त्या बुरशीचं विष भाजल्याने नाहीसं होत नाही.

कडक भाकरी पावसाळ्यात मऊ पडली तर मंद तव्यावर दोन मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होते.

ज्वारी घेताना आणि भाकरी चिरते तेव्हा

पुण्या-मुंबईच्या घरांतून सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे: ‘सोलापूरची ज्वारी आणली, तरी भाकरी थापता येत नाही.’ दोष बहुतेक वेळा ज्वारीचा नसतो, पिठाच्या वयाचा असतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे चिकटपणा आधीच बेताचा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे तो चिकटपणा, जाते आणि भाकरी कडेने चिरत जाते. ज्वारी साठवा, पीठ साठवू नका. दळण दहा-पंधरा दिवसांपुरतंच. जुनं पीठ उरलंच असेल तर उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, हाताला सोसेल इतकं झालं की भरपूर मळा. काम निभावतं.

दाणा घेताना रब्बीची मालदांडी ही जात मागा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे, तिथल्या काळ्या जमिनीत ती पिकते. दाणा टपोरा, मोत्यासारखा, किंचित चमक असलेला हवा. पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीचा दाणा काळपट पडतो, भाकरीलाही गोडी नसते. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला: बाहेर काढल्यावर पीठ चिकटलं तर आत कीड आहे. दाताखाली दाणा ‘कट्’ करून फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे, घरी नेऊन बुरशी धरेल. वर्षाचं धान्य भरायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल येतो तेव्हा घ्या, दोन उन्हं द्या, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की आत घाम सुटतो.

गिरणीत एक सांगायचं: ज्वारीवर ज्वारी दळा. आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ मिसळतं. घरात कुणाला गहू चालत नसेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

पाण्याचा ड्रम

जे सोलापुरात नवीन राहायला येतात त्यांच्यासाठी एवढं एक. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ड्रम घ्यावा लागतो, आणि घाईत स्वस्त निळा जुना ड्रम घेतला जातो. त्यात आधी रसायन होतं की खायचं तेल, हे वरून कळत नाही आणि धुवून जात नाही. पिण्याच्या पाण्याला नवाच, फूड ग्रेड लिहिलेला, घट्ट झाकणाचा ड्रम घ्या. खाली तोटी असलेला मिळाला तर फारच छान, तांब्या बुडवावा लागत नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. तेव्हा आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करा, आतली भिंत घासा, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात, आणि वाळू द्या. पाणी यायचा दिवस बघून आदल्या रात्री हे केलं तर पाणी वाया जात नाही.