कोरियन घरगुती स्वयंपाकाचे पुस्तक कसे निवडावे

कोरियन पाककृतींचे पुस्तक हाती आले की नजर आधी छायाचित्रांवर जाते, आणि बिबिम्बापचा रंगीबेरंगी वाडगा किंवा शेगडीवर भाजले जाणारे मांस पाहून पुस्तक विकत घेतले जाते. कोरियातल्या घरी रोज असे जेवण नसते. तिथे भात, एखादे सूप किंवा ‘जिगे’ म्हणजे दाटसर रस्सा, किमची म्हणजे खारवून आंबवलेली भाजी (बहुधा कोबी) आणि ‘बान्चान’ म्हणजे वाट्यांतून मांडलेली दोन-तीन तोंडीलावणी एवढे रोजचे ताट असते. आपल्या पानातल्या डाव्या बाजूला जे महत्त्व आहे, तेच तिथे बान्चानला आहे. घरी शिजवण्यासाठी पुस्तक हवे असेल, तर त्यात बान्चानचे प्रकरण किती मोठे आहे आणि प्रत्येक पदार्थ किती दिवस टिकतो हे सांगितले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ज्या पुस्तकात बान्चान चार पानांत उरकले आहे, ते उपाहारगृहातल्या पदार्थांचे पुस्तक समजावे.

त्यानंतर जिन्नसांची ओळख करून देणारे प्रकरण सावकाश वाचावे, कारण पुस्तकाची खरी परीक्षा तिथेच होते. कोरियन स्वयंपाकाचा पाया ‘जांग’ आहे. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याचे ठोकळे आंबवून ते मिठाच्या पाण्यात मुरवतात. निथळलेल्या द्रवापासून ‘गांजांग’ म्हणजे सोया सॉस होते आणि उरलेल्या घट्ट भागापासून ‘दोएन्जांग’. सुपात घालायचे पारंपरिक गांजांग रंगाने फिके आणि चवीला जास्त खारट असते, तर परतण्या-मुरवण्याचे गांजांग गडद आणि किंचित गोडसर असते. चांगले पुस्तक कुठे कोणते वापरायचे हे प्रत्येक वेळी सांगते. जे सगळीकडे नुसते ‘सोया सॉस’ म्हणून मोकळे होते, त्यावर भरवसा ठेवून केलेले सूप काळपट आणि गोडूस होते. दोएन्जांगऐवजी जपानी मिसो चालेल एवढेच लिहून थांबणारे पुस्तकही अपुरे आहे, कारण दोएन्जांगची चव उग्र असते आणि ते बराच वेळ उकळलेले चालते, मिसो मात्र सहसा शेवटी घालतात.

मिरचीच्या बाबतीत अधिक काटेकोर राहावे. मी पहिल्यांदा किमची केली तेव्हा हाताशी असलेल्या पुस्तकात फक्त ‘लाल तिखट, एक कप’ असे लिहिले होते. घरात डंकावर कुटून आणलेले संकेश्वरी मिरचीचे तिखट होते. ते तेवढे घातल्यावर सगळा कोबी टाकून द्यावा लागला. ‘गोचुगारू’ ही बिया बऱ्याच अंशी काढून जाडसर कुटलेली मिरची आहे. तिच्यात जाळ कमी आणि रंग व गोडवा अधिक असतो. बेडगी मिरची बिया झटकून जाडसर कुटली तर बऱ्यापैकी जवळ जाता येते. असा फरक समजावून सांगणाऱ्या पुस्तकाला पहिली पसंती द्यावी. शिवाय प्रत्येक पानावर लालभडक पदार्थ दिसले तर जरा थांबावे. १६७०च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने हंगुल या कोरियन लिपीत लिहून ठेवलेल्या पाककृतींत मिरची नाही, आणि आजही तिथल्या घरातले कितीतरी पदार्थ बिनतिखटाचे असतात.

किमचीची पाककृती मात्र शब्दन् शब्द वाचावी. कोबी आणि मीठ वजनाने दिले आहे का, हे पाहावे; जाड्या समुद्री मिठाची एक वाटी आणि आपल्या बारीक मिठाची एक वाटी यांचे वजन सारखे भरत नाही. कोबी मिठात किती तास ठेवायचा एवढेच न सांगता, पांढरा देठ वाकवला असता मोडता कामा नये, ही खूण दिलेली असावी. किमची घालण्याचा मोठा हंगाम हिवाळ्याच्या तोंडावर येतो. ती सर्वांनी मिळून घालण्याच्या ‘किमजांग’ या प्रथेचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. हा हंगाम थंडीचा असल्यामुळे ‘दोन दिवस बाहेर ठेवा’ या वाक्यात बहुधा थंड स्वयंपाकघर गृहीत धरलेले असते. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ती फार आंबते. बुडबुडे दिसू लागले आणि आंबूस वास आला की बरणी शीतकपाटात ठेवावी, असे सांगणारे पुस्तक कुठल्याही हवामानात उपयोगी पडते.

लेखकाला स्वयंपाक कितपत येतो हे जोखायला मी ‘कोंगनामुल’ म्हणजे मोड आलेल्या सोयाबीनची साधी पाककृती उघडते. बाजारातले मुगाचे लांब मोड आणि सोयाबीनचे मोड हे दोन वेगळे जिन्नस आहेत, हे तिथे स्पष्ट केलेले असावे. मोड शिजवताना झाकण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवायचे किंवा अजिबात ठेवायचे नाही, मध्येच उघडले तर कच्चा उग्र वास राहतो, ही कोरियन घरांतली शिकवण तिथे असेल, तर लिहिणाऱ्याने ते स्वतः शिजवले आहे असे मानायला हरकत नाही. नंतर तिळाचे तेल, लसूण आणि भाजलेले तीळ घालून ते हाताने कालवतात. ‘सोनमात’ या कोरियन शब्दाचा अर्थच ‘हाताची चव’ असा आहे, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मापांकडेही लक्ष असू द्यावे. कोरियातला कप २०० मिलिलिटरचा, तर अमेरिकेतला सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. पुस्तक कोणता कप धरते हे आरंभी लिहिलेले हवे. पदार्थांची नावे हंगुल लिपीतही छापलेली असतील तर दुकानातल्या पाकिटावरची अक्षरे जुळवून पाहता येतात.

शाकाहारी घरांनी अधिक सावध असावे, कारण भाजीच्या पदार्थांतही सुक्या मासळीचे पाणी, माशांचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि त्या वगळण्याची सूचना एका ओळीत देऊन चव सावरता येत नाही. समुद्री शेवाळ आणि सुकी अळिंबी यांचे पाणी करायला शिकवणारे पुस्तक निवडावे. बौद्ध मठांतील पाककृतींची पुस्तके या दृष्टीने उत्तम. त्यांत मांस-मासे नसतात, आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

शक्य असेल तर पुस्तक आधी वाचनालयातून आणावे आणि एक जिगे व एक बान्चान करून पाहावे. सोबत इंद्रायणीचा भात लावावा. तो कोरियन भाताइतका चिकट होत नाही, पण बासमतीपेक्षा या जेवणाला कितीतरी अधिक शोभतो.