विजय दिवसाच्या कार्यक्रमात समोरून लढलेल्या सैनिकाचं नाव कसं घ्यायचं

१६ डिसेंबरचा विजय दिवस आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस आता घोडबंदर रोडपासून ऐरोली, नेरूळ, खारघरपर्यंत बऱ्याच सोसायट्यांत साजरा होतो. झेंडा, मुलांची गाणी, एखादे माजी सैनिक प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, चहा, आणि हे सगळं व्हायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की त्यात पंधरा मिनिटं अशी ठेवा ज्यात समोरून, म्हणजे शत्रूच्या बाजूने, लढलेल्या एका सैनिकाचीही गोष्ट सांगितली जाईल, नाव आणि रँकसकट. कारण समोरचा पळपुटा होता असं सांगितलं की आपल्या पोराने जीव दिला तो नेमका कशासाठी, हेच मुलांना कळत नाही. आणि दुसरं म्हणजे हा मान द्यायला सुरुवात तुमच्या-माझ्यासारख्या घरी बसलेल्यांनी केलेली नाही, ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांनीच केली आहे, आपण फक्त ते पुढे सांगायचं आहे.

पहिलं काम, माजी सैनिकांना विचारणं. सोसायटीत किंवा शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी असतंच, नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विनंती करा. पण त्यांना फक्त पाहुणे म्हणून बोलवू नका, आधी घरी जाऊन नीट बसा आणि विचारा, साहेब तुमच्या वेळेला समोरच्यांबद्दल तुम्हा लोकांना काय वाटायचं? काही जण खूप बोलतील, काही जण विषय बदलतील. विषय बदलला तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

आणि परिसरात एखादी वीरमाता, वीरपत्नी राहत असेल तर तिच्या घरी जायचं, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून परवानगी घ्यायची नाही. बाईंनी नको म्हटलं तर त्या वर्षी नको, कारण विचारायचं नाही आणि आपलं तत्त्वज्ञान तर अजिबात ऐकवायचं नाही. त्यांचं दुःख आपल्या कार्यक्रमापेक्षा मोठं आहे.

मग कमिटी. इथे लोक घाबरतात आणि काहीतरी गोलमोल विषय लिहून देतात, मग ऐन कार्यक्रमात कोणीतरी उठून आरडाओरडा करतो की हे काय चाललंय. तसं करू नका. जे बोलणार ते सगळं टाइप करून आठवडाभर आधी चेअरमन, सेक्रेटरी आणि दोन-चार ज्येष्ठांच्या हातात द्या. विषयही सरळ लिहा, उदाहरणार्थ 'टायगर हिलची लढाई आणि आपल्या ब्रिगेडियरसाहेबांची चिठ्ठी'. वाचल्यावर बहुतेकांचा विरोध मावळतो, कारण त्यात शांततेचं भाषण नसतं, लढाईच असते.

आता गोष्ट कुठली निवडायची. माझा नियम एकच, शौर्याची पावती त्याच्याविरुद्ध लढलेल्या माणसानेच दिलेली असली पाहिजे. फॉरवर्ड आलेल्या पोस्टमध्ये रँक नाही, पलटण नाही, तारीख नाही, आणि शेवटी 'शेअर करा' असेल तर ती सोडून द्या. आपल्या शूरांची माहिती भारत सरकारच्या गॅलंट्री अवॉर्ड्सच्या वेबसाइटवर मिळते, लढायांची पुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन शोधा, ग्रंथपालांना विचारलं की बरीच मदत होते.

कारगिलसाठी सगळ्यात चांगली गोष्ट कॅप्टन कर्नल शेर खानची. (कर्नल हे त्याचं नावच होतं, रँक कॅप्टन, हे आधीच सांगा नाहीतर मुलं गोंधळतात.) पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचा हा अधिकारी जुलै १९९९ मध्ये टायगर हिलवर आपल्या जवानांविरुद्ध लढताना मारला गेला. आपली १८ ग्रेनेडियर्स आणि ८ शीख तिथे किती भयंकर लढली ते आधी सांगा, योगेंद्रसिंह यादवांचं परमवीर चक्र त्याच डोंगरावरचं. मग सांगा की शेर खान पुन्हा पुन्हा माणसं गोळा करून प्रतिहल्ले चढवत होता आणि आपल्या ८ शीखच्या जवानांनी त्याला समोरासमोरच्या लढाईत मारलं. आपल्या १९२ माउंटन ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा मृतदेह खाली आणायला लावला आणि परत पाठवताना त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली, की हा अधिकारी फार शौर्याने लढला, त्याला त्याचा मान मिळायला हवा. पुढे पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर दिलं, त्यांचा सर्वोच्च सन्मान, आपल्या परमवीर चक्रासारखा. विचार करा, ब्रिगेडियरसाहेबांची स्वतःची माणसं त्याच डोंगरावर गेली होती आणि तरी त्यांनी पेन हातात घेतलं.

याच्यासोबत एक वाक्य हवंच, की त्या युद्धात पाकिस्तानने सुरुवातीला हे आपले सैनिक आहेत हेच कबूल केलं नव्हतं, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या कितीतरी सैनिकांचं दफन आपल्या लष्कराने, मौलवी बोलावून, त्यांच्या धर्माप्रमाणे केलं. १९४९ च्या जिनिव्हा करारात हेच सांगितलंय की शत्रूच्या मृतांनाही सन्मानाने, शक्यतो त्यांच्या धर्माप्रमाणे निरोप द्यायचा. आपल्या जवानांनी ते डोंगरावर, थंडीत करून दाखवलं.

१६ डिसेंबरसाठी मी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सुचवेन, आणि ही गोष्ट घाईत उरकायची नाही. १६ डिसेंबर १९७१, शकरगडच्या भागातली बसंतरची लढाई. पलटण १७ पूना हॉर्स, वय २१. रणगाडा पेटलाय, वरून हुकूम येतोय की बाहेर पड, आणि हा पोरगा कळवतो की माझी तोफ अजून चालतेय. समोर पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे होते. तिथेच तो गेला आणि त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

पुढचं सांगताना आवाज खाली आणा आणि हळू बोला. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुणचे वडील निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल फाळणीआधीचं आपलं गाव बघायला सरगोध्याला गेले, तेव्हा त्यांचं वय ८१ होतं. लाहोरमध्ये त्यांची सगळी व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी स्वतःच्या घरी ठेवून केली, काही कमी पडू दिलं नाही. परतीच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की त्या दिवशी अरुणच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. आणि अरुण किती शूर होता तेही त्यांनीच सांगितलं. बापाने ते ऐकून घेतलं. आपल्या घरातला कर्ता पोरगा गेलेला बाप आणि ज्याच्या हातून गेला तो माणूस, एका घरात, आणि आधीचे दिवस त्याच्याच ताटातलं जेवण झालेलं. यावर निवेदकाने एकही वाक्य स्वतःचं घालू नये. अर्थ सांगत बसू नका, लोकांना कळतो.

मराठी श्रोत्यांना जवळची वाटेल अशी अजून एक, जमालपूरची. डिसेंबर १९७१, आताचा बांगलादेश. जंगी पलटण म्हणजे आपली १ मराठा लाइट इन्फंट्री जमालपूरला वेढा घालून बसलेली, आत पाकिस्तानची ३१ बलुच. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर आतून लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि लिहिलं की पुढच्या वेळी तुमच्या हातात पेन नको, स्टेनगन दिसू दे. मग रात्रभर लढाई झाली आणि जमालपूर पडलं. आपल्याकडचे अधिकारी ती चिठ्ठी अजून सांगतात, रागाने नाही. मावळात, साताऱ्याकडे ज्यांच्या घरातले कोणी मराठा पलटणीत होते त्यांना हे ऐकताना काय वाटतं ते कार्यक्रमात बघाल.

बसंतरजवळच जरपालला पाकिस्तानचा लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा मारला गेला तेव्हा आपल्या ३ ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. एरी यांनी त्याच्या शौर्याबद्दल लिहून दिलं होतं, वेळ कमी असेल तर ही छोटी गोष्ट पुरते.

एका कार्यक्रमात एकच गोष्ट. तीन सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

क्रम असा ठेवा. आधी आपल्या शहिदांना दोन मिनिटं मौन, आणि हे मौन फक्त त्यांचंच, त्यात कोणाला मिसळायचं नाही. मग आपल्या पलटणीची गोष्ट पूर्ण. मग समोरच्याची. मग माइक माजी सैनिकांच्या हातात, आणि त्यांच्यानंतर कोणी बोलायचं नाही, नगरसेवकसाहेब आले असतील तर त्यांचं भाषण आधी उरकून घ्या.

निवेदकाला शब्द सुचत नसतील तर शेर खानच्या गोष्टीसाठी हे घ्या: 'आज आपण ज्यांच्यामुळे इथे सुखाने उभे आहोत त्या आपल्या जवानांना वंदन केलं. आता त्यांच्याच एका अधिकाऱ्याने समोरच्या सैनिकाबद्दल काय लिहिलं ते ऐकूया. तो आपल्याविरुद्ध लढला, आपल्या जवानांनी त्याला हरवलं, आणि तो शूर होता हेही आपल्याच जवानांनी सांगितलं.' बस एवढंच. हुतात्मा, शहीद हे शब्द आपल्यासाठी ठेवा, समोरच्यासाठी 'मारला गेला', 'शौर्याने लढला' हे पुरतं आणि खरंही आहे.

दुसऱ्या देशाचा झेंडा लावायचा नाही, फोटोला हार घालायचा नाही, मागे करुण संगीत तर मुळीच नाही. नाव, रँक, पलटण, जागा, तारीख, एवढं स्वच्छ उच्चारलं की मान दिला जातो.

प्रश्न येतील आणि ते रागाने येतील, तयारी ठेवा. पहिला येईल कॅप्टन सौरभ कालियांबद्दल. ४ जाट, मे १९९९ मध्ये गस्तीवर असताना पकडले गेले, त्यांच्यासोबत पाच जवान होते, आणि मृतदेह परत आले तेव्हा छळाच्या खुणा होत्या. याला उत्तर गुळमुळीत देऊ नका. सरळ म्हणा की ज्यांनी हे केलं त्यांना सैनिक म्हणून काडीचा मान नाही, मान आपण देशाला देत नाही, वागणुकीला देतोय, आणि म्हणूनच बाजवासाहेबांनी एका माणसाचं नाव लिहून दिलं, सगळ्या फौजेचं नाही. दुसरा प्रश्न २६/११ चा. आपल्या भागात त्या रात्री सीएसटीवरून घरी परतणारी माणसं होती, जखम अजून ओली आहे. उत्तर सोपं आहे, निःशस्त्र प्रवाशांवर गोळ्या चालवणारा सैनिक नसतो, त्याचा या कार्यक्रमाशी संबंध नाही. तिसरा येईल, ते करतात का आपल्यासाठी असं? तर नासेर यांनी केलं, आणि १९६५ मध्ये आपलं नागरी विमान पाडणाऱ्या पाकिस्तानी पायलटने, कैस हुसेनने, २०११ मध्ये त्या विमानाचे पायलट जहांगीर इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं आणि तिने त्याला मोठ्या मनाने उत्तर दिलं. पण खरं सांगू का, ते करोत न करोत, ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी १९७१ नंतर आपण नीट सांभाळून परत पाठवले ते काही बदल्यात मिळेल म्हणून नाही.

मुलांसाठी मात्र सोसायटीच्या हॉलपेक्षा एक सहल जास्त कामाची. आणि ती १९७१ ची नाही, आपल्या मराठ्यांची. १७७८ च्या शेवटी रघुनाथरावांना पेशवाईवर बसवायला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज मुंबईहून पनवेलच्या बाजूने बोरघाट चढून पुण्याकडे निघाली, म्हणजे नवी मुंबईतली मुलं लोणावळ्याला जाताना जो घाट बघतात तोच. त्या फौजेत कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट होता, इतका बेडर की मराठ्यांनीच त्याला इष्टुर फाकडा म्हणायला सुरुवात केली. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याला तो मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने मेला, थोड्याच दिवसांत वडगावला महादजी शिंद्यांनी इंग्रजांना गुडघ्यावर आणलं आणि तह झाला. पण फाकड्याचं नाव मावळात राहिलं, त्याची समाधी वडगाव मावळला आजही आहे. मरणाने वैर संपतं हे आपल्याकडे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं, प्रतापगडाखाली अफजलखानाची कबर महाराजांच्या काळापासून आहेच.

जायचं कसं तर ठाणे किंवा पनवेलहून गाडीने लोणावळा, तिथून पुणे लोकलने वडगाव स्टेशन, बस करून जात असाल तर जुना मुंबई-पुणे हायवे धरा म्हणजे कार्ल्याची जागा वाटेत लागते आणि तिथे थांबून लढाई समजावता येते. मुलांना आधी महादजींचा पुतळा आणि विजयस्तंभ दाखवा, जिंकलं कोण हे आधी पक्कं होऊ दे, मग फाकड्याकडे न्या. समाधी पोलीस ठाण्याच्या आवारात आहे, त्यामुळे तीस-चाळीस पोरं एकदम आत घालू नका, ड्युटीवरच्या साहेबांना सांगून दहा-दहाच्या गटाने जा आणि येताना पाण्याच्या बाटल्या उचलून आणा.