जर्मनीचं एकीकरण ते १९१४: पोरांना घरच्या घरी कसं समजवायचं

दहावीच्या इतिहासात युरोपातल्या राष्ट्रवादाचं प्रकरण आलं की पोरं नुसती सनावळी घोकायला लागतात, १८६४, १८६६, १८७०, आणि पेपर झाला की आठवड्यात सगळं विसरतात. गेल्या मे महिन्यात डिचोलीला माझ्या भाच्याला हे शिकवायला बसले तेव्हा काजूचा सिझन संपत आलेला, ओसरीवर बिया वाळत पडलेल्या, तर त्याच वापरल्या आणि पद्धत इतकी छान जमली की लिहून ठेवतेय.

तुम्हाला लागणार ३७ काजूच्या बिया, दोन सोललेले नारळ, सुतळी आणि जुन्या कॅलेंडरचं जुलैचं पान. आणि प्रत्येक टप्प्याला पोराला एकच प्रश्न विचारायचा, आता कोण कोणाला घाबरलं?

आधी बिया आणि नारळ जमिनीवर पसरा. १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसनंतर, म्हणजे युरोपातल्या सत्तांच्या परिषदेनंतर, जो जर्मन संघ झाला त्यात ३९ राज्यं होती, त्यातले दोन नारळ म्हणजे ऑस्ट्रिया आणि प्रशिया, बाकीच्या बिया. आता सुतळी घेऊन प्रशिया आणि त्याच्या आजूबाजूच्या बऱ्याच बियांना वेढा घाला, ऑस्ट्रिया बाहेर ठेवा. हा १८३४ चा जकात संघ, झोलव्हेराइन. हे पोरांना पटकन कळत नाही, पण घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारायला लावा, १९६१ च्या आधी गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा सीमेवर पत्रादेवीला जकातीची तपासणी असायची त्याच्या गोष्टी ते सांगतील आणि मग सीमेवरची जकात गेली की व्यापाराचं काय होतं ते समजवावं लागत नाही. देश व्हायच्या आधी बाजारपेठ एक झाली होती, हे इथेच ठसवा.

१८४८ ची फ्रँकफर्टची संसद थोडक्यात सांगा, लोकांच्या प्रतिनिधींनी प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला आणि १८४९ मध्ये त्याने तो नाकारला, झालं. मग १८६२ ला बिस्मार्क प्रशियाचा पंतप्रधान म्हणून येतो. १८६४ ला डेन्मार्कशी युद्ध, ऑस्ट्रियाला सोबत घेऊन, आणि दोनच वर्षांनी त्याच ऑस्ट्रियाशी. इथे ऑस्ट्रियाचा नारळ उचलून पार बाजूला ठेवायला पोरालाच सांगा, हातानं केलेलं लक्षात राहतं. हॅनोव्हरसारख्या काही बिया तर प्रशियाने सरळ गिळल्या, त्या उचलून प्रशियाच्या नारळाखाली सरकवा.

आता थांबा, एम्स या जर्मन गावातून आलेल्या तारेला वेळ द्या, माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुलै १८७० मध्ये फ्रान्सच्या राजदूताने प्रशियाच्या राजाकडे मागणी केली की तुमच्या घराण्यातला माणूस स्पेनच्या गादीवर पुन्हा कधीच दावा सांगणार नाही असं वचन द्या, राजाने सभ्यपणे नकार दिला आणि झालेलं सगळं तारेने बिस्मार्कला कळवलं. बिस्मार्कने ती तार काटछाट करून छापायला दिली, आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटलं आपला अपमान झाला. भाच्याला मी म्हटलं एक मेसेज लिही, त्याने लिहिलं, 'आजीला आज जरा बरं नाही, घरी फक्त पेज केलीय, तुम्ही उद्या जेवायला या, आज येऊ नका.' मग त्यातलं बाकी सगळं खोडलं आणि ठेवलं 'आज येऊ नका.' तो बघतच राहिला, म्हणाला मावशी, शब्द तर सगळे माझेच आहेत!

१९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं, सप्टेंबरमध्ये सेदानला सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला, बव्हेरियासारखी दक्षिणेची राज्यं प्रशियाला येऊन मिळाली आणि १८ जानेवारी १८७१ ला जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, कुठे, तर फ्रान्समध्ये, व्हर्सायच्या आरसेमहालात. वर ५ अब्ज फ्रँक दंड आणि फ्रान्सचा सीमेवरचा अल्सास-लोरेन हा प्रदेश घेतला. इथे प्रश्न विचारा, फ्रान्स हे विसरेल?

पुढे बिया गोळा करून पाच वाट्या मांडा, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया, फ्रान्स, ब्रिटन. बिस्मार्कला भीती एकच, फ्रान्स आणि रशिया एक झाले तर दोन्ही बाजूंनी मार, म्हणून १८७९ ला ऑस्ट्रियाशी आणि १८८७ ला रशियाशीही कराराची सुतळी बांधली. १८९० ला तो पदावरून गेला, नवीन लोकांनी रशियाचा करार पुढे चालवला नाही. ती सुतळी कात्रीने कापा. १८९४ पर्यंत रशिया-फ्रान्स बांधले गेले. मग १८९८ पासून जर्मनीने मोठं आरमार बांधायला घेतलं, ब्रिटन दचकला, १९०६ ला ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची युद्धनौका पाण्यात उतरवली, १९०४ ला फ्रान्सशी आणि १९०७ ला रशियाशी जुळवून घेतलं. पण युद्ध अटळच होतं असं मात्र पोरांना शिकवू नका, मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ ला भडका उडायची वेळ आली होती आणि दोन्ही वेळा निभावलं.

म्हणून शेवटी जुलैचं पान. १९१४ च्या २८ जूनला साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या, ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंबा दिला, २३ ला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली, २८ ला त्या दोघांत युद्ध, १ ऑगस्टला जर्मनी-रशिया, ३ ला फ्रान्स, ४ ला बेल्जियमवर चाल आणि ब्रिटन युद्धात. एकूण ३७ दिवस. पोराला सांगा, कुठल्या तारखेला कोणी काय केलं असतं तर हे थांबलं असतं, त्या तारखेला गोल कर आणि कारण लिही. भाच्याने ५ जुलैला केला, मी २३ ला, आणि आम्ही जेवणापर्यंत भांडलो.

आणि आपला गोवा यात कुठे असं विचारलं तर मुरगाव बंदर दाखवा. युद्ध पेटल्यावर काही जर्मन जहाजं तटस्थ पोर्तुगालचं बंदर म्हणून तिथे आश्रयाला येऊन थांबली होती, १९१६ ला पोर्तुगालने ब्रिटनच्या सांगण्यावरून आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली आणि ९ मार्चला जर्मनीने पोर्तुगालवर युद्ध पुकारलं.