मोकळ्या प्लॉटवर सामूहिक भाजीबाग: माती, पाणी आणि किल्ली

पडीक प्लॉट हेरला की लगेच कुदळ मारू नका. आधी तिथं ऊन किती वेळ टिकतं ते बघा: फळभाज्यांना किमान 6 तास लागतं, पालेभाज्या 4 तासांवरही निभावतात. मग माती परीक्षण. नत्र-स्फुरद-पालाशाच्या नेहमीच्या चाचणीत शिसं दिसत नाही, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. पाडलेल्या घरांचा जुना रंग, शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला धूर यांतून ते मातीत आलेलं असतं आणि तिथंच ठाण मांडतं. निघालंच, तर जमिनीवर जाड कापड अंथरून बाहेरच्या मातीचे गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच वाफे) करा.

वाफा 1.2 मीटरपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्हीकडून मधोमध हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. 2.4 मीटर लांब, 30 सेंटिमीटर उंच वाफ्याला सुमारे 860 लिटर माती-खत लागतं. भर नंतर खाली बसते, थोडी राखून ठेवा. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू नत्र ओढून घेतात, रोपं पिवळी पडतात. वरून आच्छादनाला चालेल.

खत-बियाणं दर हंगामाला विकत आणायचं, तर बाग स्वतःच्या पायावर कसली उभी राहणार? शेजारच्या घरांतला ओला कचरा घ्या, बादलीभर ओल्याला दोन-तीन बादल्या सुका पाला. ढीग मीटरभर लांब-रुंद-उंच हवा, लहान ढीग तापत नाही. घाण वास आला तर पाला कमी पडलाय, वरखाली करून आणखी घाला. बी धरायचं तर सरळ वाणच (ज्याच्या बियांतून तशीच झाडं येतात तो) लावा, संकरित वाणाच्या बियांतून तशीच झाडं येत नाहीत. सुरुवात टोमॅटो-घेवड्यानं करा, भोपळ्याच्या वाणांत आपसात आणि काकडीच्या वाणांत आपसात संकर होतो.

पाणी चौरस मीटरला आठवड्याला 25 लिटर, कडक उन्हात दुप्पट. ‘सगळे मिळून घालू’ म्हणजे कुणीच घालत नाही, म्हणून फळ्यावर वार आणि प्रत्येक वाराला दोन नावं. बागेची किल्ली आणि पैशांची वही एकाच माणसाकडे नको. दर 3 महिन्यांनी दोन्ही फिरवा, नाहीतर बागेला मालक तयार होतो.

जागेचं लेखी घ्या. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या ग्रीन गुरिला या पडीक जागांवर बागा करणाऱ्या गटानं 1973 साली कचऱ्यानं भरलेला प्लॉट साफ करायला घेतला, 1974 मध्ये महापालिकेनं तो महिना 1 डॉलर भाड्यानं दिला. करारात भाड्यापेक्षा जागा रिकामी करायच्या मुदतीवर भांडा: उभं पीक निघेल इतकी, म्हणजे किमान एक हंगाम.