पंच म्हणून उभं राहायचंय? मग सुरुवात ग्रामसभेतून करा

परवा वाड्यावरचा एक पोरगा विचारत होता, दादा पंचायतीला उभं राहायला पैसे किती लागतात. पैशांचं नंतर बघू रे, तू ग्रामसभेला कितीदा आलायस ते सांग आधी, असं मी त्याला म्हटलं. दोन टर्म गोव्यातल्या पंचायतीत पंच, म्हणजे निवडून आलेला सदस्य, होतो म्हणून हे लिहितोय, नवीन पोरापोरींनी खरंच यात यायला पाहिजे.

गोव्यात 191 पंचायती, वय 21 पूर्ण आणि मतदार यादीत नाव पाहिजे. पक्षाचं चिन्ह नसतं, वॉर्ड एवढासा, दहा-पंधरा मतांनी निकाल फिरतो, त्यामुळे लोक तुमचं तोंड बघून मत देतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या महिन्यांत रविवारी ग्रामसभा असते, तिथे दोन वर्षं नेमाने बसा. प्रश्न आधीच लेखी द्या आणि इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का मारलेली कॉपी जपून ठेवा, नाहीतर तुमचा प्रश्न हवेत जातो. वॉर्ड आयत्या वेळी महिला राखीव झाला तर रुसून घरी बसू नका, जी बाई खरंच काम करते तिच्यासाठी फिरा, लोक ते विसरत नाहीत.

निवडून आलात की लगेच सरपंचपदासाठी फोन सुरू होतात, कारण सरपंच पंचांमधूनच निवडतात, मग अडीच वर्षं तू अडीच वर्षं मी, मग अविश्वास ठराव. पहिल्या टर्मला यात पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा पंधरवड्याच्या मिटींगचे कागद आदल्या रात्री वाचा. एकदा अजेंड्यावर घर दुरुस्तीचा साधा अर्ज होता, सगळे हो म्हणायच्या तयारीत, मी सकाळी स्कूटर घेऊन बघायला गेलो तर कुंपणाचे चिरे थेट व्हाळात (ओढ्यात) रचलेले, पावसात ते पाणी खालच्या तीन घरांत शिरलं असतं. मिटींगमध्ये मी एकटाच विरोधात होतो पण विरोध प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे मिटींगच्या नोंदीत, लिहून घ्यायला लावला आणि सही करायच्या आधी वाचून बघितला, पुढे बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) प्रकरण गेलं तेव्हा त्याच चार ओळी कामाला आल्या. तोंडी विरोध कोणी मोजत नाही.

पुढे जिल्हा पंचायत, उत्तर 25 आणि दक्षिण 25 जागा, तिथे मात्र अपक्षही उभं राहता येतं, पण पक्ष आपल्या चिन्हावर तिकीट देतात. श्रीपादभाऊ नाईक दुर्भाटचे सरपंच होते, मग 1994 ला मडकईचे आमदार आणि 1999 पासून खासदार, म्हणजे वाट आहे. पण तिकीट मागायला जाताना हातात काहीतरी पाहिजे ना, म्हणून एक जाड वही घ्या, कुठल्या घराचा घरनंबर अडकलाय, कुठला स्ट्रीटलाईट बंद, कुठल्या साकवाची फळी मोडलीय, तारीख घालून लिहा आणि काम झालं की त्याच घरी जाऊन सांगा, नाही झालं तरी जाऊन सांगा.