इलेक्ट्रिक गाडी बुक करण्याआधी पॉलिसीत ‘बॅटरी’ हा शब्द शोधा

भाच्याचा दर रविवारी फोन येतो. टाटा सिएराची इलेक्ट्रिक कधी येणार, तोवर थांबू की मारुतीची ई-विटारा बघू, महिंद्राची बीई ६ जरा जास्तच चकाचक वाटते का. मी सांगली-मिरज पट्ट्यात बावीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे क्लेममधलं नुकसान मोजणारा माणूस आहे, त्यामुळे मामाला गाड्यांमधलं कळतं असा त्याचा समज. मला मोडलेल्या गाड्यांमधलं कळतं. रेंज किती आणि सनरूफ केवढं, हे त्याने शोरूममध्ये विचारावं. गाडी खालून घासली, बुडाली किंवा ठोकली तर खिशातून किती जातील, तेवढं मी सांगू शकतो.

आधी एक क्लेम सांगतो. गेल्या वर्षी एका दूधवाल्या पाहुण्यांची इलेक्ट्रिक गाडी लिफ्टवर चढवली होती. दोन वर्षं जुनी, बाहेरून एक ओरखडा नाही. मळ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनी चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये उंचवटा, आणि त्या उंचवट्यात एक डबरीचा दगड. गाडी त्यावर बसली. खाली बॅटरीच्या ट्रेला खड्डा पडला होता, माझ्या करंगळीचं पेर जेमतेम बसेल एवढा. मालक म्हणाले, “साहेब, आतून ठोकून सरळ नाही का होणार?” डिझेल टाकीला पोचा आला असता तर झालंही असतं. इथे त्या पत्र्याच्या आत बॅटरी थंड ठेवणारी पाण्याची प्लेट आणि तिला लागून बॅटरीचे सेल. वर्कशॉपने खोली मोजली, कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली, आणि अख्खा बॅटरी पॅक बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. पॅक ५ लाख ५० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ६ लाख ४९ हजार. (गाडीसोबत घेतली तर हीच बॅटरी ५ टक्क्यांत येते. सुटी घेतली की १८.)

क्लेम मंजूर झाला, पण अर्धाच. मोटार विम्याच्या जुन्या नियमावलीत रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी या सगळ्यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात आहे. ती ओळ लिहिली गेली तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा चार-पाच हजारांचा डबा होता. आता तीच ओळ सहा लाखांच्या पॅकला लागते. पाहुण्यांनी रिन्यूअलच्या वेळी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, काढून टाकलं होतं, पाच हजार वाचले म्हणून. ३ लाख २४ हजार ५०० त्यांच्या खिशातून गेले, वर मालकाने भरायची सक्तीची वजावट वेगळी.

म्हणून पहिलं काम: पॉलिसी घेण्याआधी तिचं पूर्ण वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा मजकूर, मागा. दोन पानांचं कोटेशन नाही, पूर्ण पीडीएफ. त्यात ‘बॅटरी’ शोधा आणि तो शब्द ज्या ज्या ओळीत येईल ती ओळ वाचा. नुसतं “झिरो डेप आहे” यावर समाधान मानू नका. काही कंपन्यांच्या झिरो डेपमध्येच टायर आणि बॅटरी वगळलेल्या असतात. ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी, झिरो डेपमध्ये धरली आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं “हो सर, सगळं कव्हर आहे” क्लेमच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

दुसरं कव्हर बॅटरीचं म्हणून वेगळं मिळतं, प्रत्येक कंपनीचं नाव निराळं. साध्या पॉलिसीत अपघात, पूर, आग, चोरी आहे. विद्युत बिघाड नाही, आणि एका नुकसानीतून पुढे होणारं नुकसानही नाही. म्हणजे पुराचं पाणी उभ्या गाडीत शिरलं तर एक गोष्ट, आणि पाणी शिरलेली गाडी तुम्ही चालू करून शॉर्ट केली तर दुसरी. ही दुसरी गोष्ट, मोटर-कंट्रोलरमध्ये पाणी जाणं, चार्जिंग करताना व्होल्टेज उसळून काही जळणं, हे सगळं त्या कव्हरमध्ये येतं का ते बघा. घरच्या भिंतीवरचा चार्जर आणि केबल त्यात धरतात का, तेही. माझ्याकडे आलेल्या एका इलेक्ट्रिक गाडीच्या पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’चे पैसे लावले होते. ज्या गाडीत इंजिन नाही तिच्या. मालकाने दोन वर्षं भरले.

तिसरं, रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मूळ बिलाची रक्कम देणारं कव्हर. यावर लोक नाक मुरडतात, पण इलेक्ट्रिकमध्ये हे घ्याच, निदान पहिली तीन वर्षं. हिशेब असा. गाडीची शोरूम किंमत १४ लाख. एक वर्ष उलटून दुसरं चालू असेल तर विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, २० टक्के उतरून ११ लाख २० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. म्हणजे रेषा ८ लाख ४० हजारांवर. पेट्रोल गाडीला एवढं बिल यायला समोरून ट्रक यावा लागतो. इलेक्ट्रिकला एक पॅक, एक बंपर, एक हेडलाइट आणि रडारचा सेन्सर पुरतो. गाडी डोळ्यांना धडधाकट दिसते आणि कागदावर संपलेली असते. तेव्हा हातात ११ लाख २० येणार की नोंदणी-विम्यासकट मूळ बिलाची रक्कम, ते या कव्हरवर ठरतं.

थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, ती दाखवून कोणी “विमा स्वस्त” म्हणालं तर हसून सोडून द्या. खरे पैसे स्वतःच्या गाडीच्या भागात असतात. आणि डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती नसते. बाहेरची दोन कोटेशनं हातात असली की डीलरचाही आकडा खाली येतो.

“पण मामा, बॅटरीला लाइफटाइम वॉरंटी आहे ना?” हा भाच्याचा हुकमी प्रश्न. आहे. टाटा, महिंद्रा, एमजी तिघांनीही काही मॉडेलवर ती दिली आहे. टाटाच्या कागदात लाइफटाइम म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं, आणि तीही पहिल्या मालकाला. जुनी गाडी घेणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी. पण मुख्य मुद्दा वेगळा. वॉरंटी कारखान्याच्या चुकीची असते, दगडाची नसते. सेल आपोआप बसला तर वॉरंटी, खालून लागलं तर विमा. आणि बाहेरच्या माणसाने वायर कापून साउंड सिस्टीम किंवा फॉगलॅम्प बसवले असतील, तर दोघंही तुमच्याकडे बोट दाखवायला मोकळे.

बुकिंगच्या आधी शोरूममधून उठून मागे वर्कशॉपमध्ये जा. सेल्समनला नाही, सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा. पॅक इथे उघडता येतो का, की पुण्याला पाठवावा लागतो? एक मॉड्यूल बदलून मिळतं का, की पूर्ण पॅकच? खालचं संरक्षक कव्हर सुटं किती रुपयांना? जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावायचं प्रशिक्षण घेतलेली माणसं किती, एक की चार? एकच असला आणि तो सुट्टीवर गेला की तुमची गाडी पंधरा दिवस उभी. नव्याकोऱ्या मॉडेलचे पार्ट सुरुवातीला वेळेवर येत नाहीत, मी एका टेलगेटसाठी दोन महिने थांबलेली गाडी पाहिली आहे. म्हणून माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे: मॉडेल आल्यावर एक वर्ष थांबा. भाच्याला हे पटत नाही, त्याचं वय आहे.

टेस्ट ड्राइव्हला पाच माणसं बसवून जा. एकटे बसून घेतलेली गाडी गतिरोधकावर लागत नाही. लग्नाला निघालेली लागते.

आता अर्थिंग. माझ्याकडे चार्जिंगमध्ये जळालेली जी दोन-तीन प्रकरणं आली, त्यात गाडीत दोष नव्हता, घरात होता. ७.२ किलोवॉटचा चार्जर सिंगल फेजवर ३१-३२ अँपिअर ओढतो, आणि तोही सहा-सात तास सलग. जुन्या बंगल्यात गीझरच्या वायरीवर हा भार टाकला की प्लग हाताला चटका देतो. वायरमनला बोलवा, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढा, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारं बटण) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारं) बसवा, अर्थिंगचा नवा खड्डा घ्या. मग त्याच्याकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज तुमच्या समोर मोजून घ्या. दोन-तीन व्होल्ट ठीक. पंधरा-वीस दाखवत असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे, नाहीतर त्या खड्ड्यात मीठ-कोळसा नुसता नावाला टाकलाय. उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. बिल आणि फोटो जपून ठेवा, क्लेमच्या वेळी मी तेच मागतो.

पाण्याबद्दल सांगलीकरांना काय शिकवायचं. २०१९ आणि २०२१, दोन्ही पूर पाहिलेत. तरी सांगतो, बॅटरीवर लिहिलेलं आयपी ६७ हे पाणी-धूळ रोखण्याचं माप म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गढूळ पाण्यात दोन दिवस नव्हे. शिवाय ते बॅटरीच्या डब्याचं माप आहे, सीटखालच्या कनेक्टरचं नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी पस्तीस फुटांपुढे सरकलं की मी माझी गाडी मिरजेला नेऊन लावतो. इशारा चाळिसाला असतो, पण तोवर रस्त्यांवर गर्दी झालेली असते.

आणि एवढं करूनही झालंच, तर हे असं करा. खालून जोरात लागल्याचा आवाज आला की बाजूला थांबा, डॅशबोर्डचा फोटो काढा, खाली मोबाइल घालून व्हिडिओ घ्या, दगडाचाही घ्या. गळती, वास, फुसफुस काही असलं तर माणसं उतरवून लांब जा. गाडी दोरीने ओढू नका, चाकं फिरली की मोटर फिरते. सपाट ट्रकवरच चढवा. बुडालेली गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब मोकळ्यावर ठेवा, कारण आग नंतरही लागू शकते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काहीही उघडू देऊ नका. उघडलेल्या गाडीत नेमकं काय आधी तुटलं होतं, ते मलाही सांगता येत नाही. क्लेम नाकारला आणि तुम्हाला पटलं नाही, तर कंपनीच्या तक्रार विभागाला आधी लिहा, मग विमा लोकपाल आहे. आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

परवा भाचा एका शोरूममध्ये वर्डिंग मागायला गेला. तिथला मुलगा म्हणाला, असं कोणी मागत नाही. तासाभराने पीडीएफ आली, इंग्रजीत, बेचाळीस पानं. भाच्याने माझ्याकडे ढकलली. ‘बॅटरी’ हा शब्द अकरा वेळा होता, त्यातले नऊ वेळा वगळलेल्या गोष्टींच्या यादीत. त्याला म्हटलं, दुसऱ्या कंपनीचं मागव.